खाते कोणते उघडावे? : व्याजाच्या काळातील अमानतदारी



बँकेत खाते उघडणे ही आज अगदी साधी गोष्ट झाली आहे. आधार कार्ड, पॅन कार्ड, छायाचित्रे आणि काही सह्या एवढ्यावर खाते तयार होते. इतक्या साध्या गोष्टीत धर्माला काय विचारायचे, असे अनेकांना वाटते. याउलट काही मनांना सतत टोचणी असते : ज्या संस्थेचा सारा व्यवहार व्याजावर चालतो, तिच्याशी करार करून मी माझे ईमान धोक्यात तर घालत नाही ना? पहिला माणूस विचारच करीत नाही. दुसरा विचार करतो, पण उत्तर न सापडल्याने शेवटी ‘सगळेच तर करतात’ असे म्हणत पहिल्याच्याच रांगेत जाऊन बसतो. या लेखात दोघांशीही बोलायचे आहे. जी व्यवस्था आपण निर्माण केलेली नाही आणि जिच्याबाहेर राहणे आपल्याला जवळजवळ अशक्य आहे, तिच्यात वावरताना आपली जबाबदारी संपते की वेगळ्या रूपाने सुरू होते, हा आपल्यापुढील खरा प्रश्न आहे.

व्याजाचा आदेश कोणासाठी?

पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये (२:२७५-२७९) अल्लाहने व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे. मुद्दल घेण्याचा धनकोचा हक्क कायम ठेवून त्यावरील वाढ सोडून देण्याचा आदेश दिला आहे. जे तरीही ती सोडणार नाहीत त्यांच्याविरुद्ध अल्लाह व त्याच्या प्रेषितांकडून युद्धाची घोषणा आहे. इतका कठोर इशारा फार थोड्या अपराधांच्या वाट्याला आला आहे. सहीह मुस्लिममधील हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्याज घेणारा, देणारा, त्याचा दस्त लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांना धिक्कारले आणि पापात सारखे मानले.

येथे एक शंका काढली जाते. व्याजबंदी गरिबांच्या शोषणाविरुद्ध होती. येथे तर कर्ज घेणारी बँक बलाढ्य आणि कर्ज देणारा खातेदार सामान्य माणूस आहे. मग शोषण कोणाचे? शंका वरवर पटणारी आहे. परंतु हिजरी सन १० मधील हज्जतुल विदाच्या प्रवचनात प्रेषितांनी (स.) जे पहिले व्याज रद्द केले, ते आपले काका हजरत अब्बास (रजि.) यांचे. कर्ज घेणारा गरीब होता की श्रीमंत, अशी चौकशी तेथे झाली नाही. निषेध कराराच्या स्वरूपाला लागू झाला : कर्जावर ठरवून घेतलेली वाढ म्हणजे व्याज, मग ऋणको कोणीही असो. डिसेंबर १९८५ मध्ये जिद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने बँकांचे व्याज हे निषिद्ध व्याजच आहे, असा ठराव केला. ‘बँकेचे व्याज वेगळे’ ही पळवाट त्यामुळे उरत नाही.

बँकेतील पैसा : अमानत की कर्ज?

आपण सहज म्हणतो, ‘पैसे बँकेत ठेवले आहेत.’ या ‘ठेवणे’ शब्दामुळे गैरसमज होतो. शरीअतमध्ये अमानत आणि कर्ज यांचे नियम भिन्न आहेत. अमानतीची वस्तू जशीच्या तशी जपायची असते, मालकाच्या अनुमतीशिवाय वापरायची नसते, आणि हलगर्जी नसताना ती नष्ट झाली तर अमानतदार भरपाईला बांधील नसतो. कर्जाचा पैसा मात्र घेणाऱ्याने वापरावा, आणि काहीही झाले तरी तेवढाच परत करावा. हिजरतच्या वेळी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी. जे शहर त्यांच्या जिवावर उठले होते, त्याच शहरातील लोकांच्या त्या ठेवी होत्या. ही अमानत.

आता दुसरे उदाहरण पाहा. सहीह बुखारीत हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांचा वृत्तान्त आहे. लोक त्यांच्याकडे पैसे ठेवायला येत, तेव्हा ते सांगत की हा पैसा अमानत म्हणून नको, कर्ज म्हणून घेतो. कारण अमानत म्हणून ठेवला आणि गहाळ झाला तर तुमचे नुकसान होईल. त्यांच्या निधनानंतर हे कर्ज २२ लाख भरले. त्यांचे पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी मालमत्ता विकून ते फेडले, आणि कोणाचे देणे राहू नये म्हणून वारसांत वाटणी करण्यापूर्वी चार वर्षे हजच्या काळात जाहीर पुकारा केला.

आजच्या बँक खात्याचे स्वरूप या दुसऱ्या उदाहरणासारखे आहे. बँक आपला पैसा तिजोरीत वेगळा बांधून ठेवत नाही. तो वापरते आणि मागताच परत करण्याची हमी देते. म्हणूनच १९९५ मध्ये अबू धाबी येथील अधिवेशनात फिकह अकादमीने चालू खात्यातील रक्कम शरीअतच्या दृष्टीने कर्ज असल्याचे स्पष्ट केले. थोडक्यात, खाते उघडताना आपण बँकेला कर्ज देत असतो. हजरत जुबैर (रजि.) यांच्याकडे पैसा देणाऱ्यांना कर्जावर वाढ मिळाली नाही; त्यांना सुरक्षितता मिळाली, आणि तेवढीच त्यांची अपेक्षा होती. कर्जातून अटीने मिळणारा वाढीव लाभ म्हणजे व्याज, हा फकीहांचा सर्वमान्य नियम आहे. त्यामुळे खाते वैध की अवैध हे विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावे : मला या खात्यातून सुरक्षितता हवी आहे की वाढ?

गरजेची सवलत आणि तिची सीमा

तरीही एक अडचण उरतेच. मी व्याज घेतले नाही, तरी माझा पैसा बँक पुढे व्याजानेच देणार. मग पापात सहकार्य करू नये या आज्ञेचे (५:२) काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर ‘त्यात काही नाही’ असे देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आदर्श स्थितीत मोमिनाने अशा संस्थेला पैसा देऊच नये. पण संपत्तीचे रक्षण हाही शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. आज पगार, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, शेतमालाचे पैसे, शासकीय साहाय्य हे सर्व खात्यातच येते. घरात रोकड साठविणे म्हणजे चोरीला निमंत्रण. व्याजमुक्त बँकिंगचा पर्याय आपल्या देशात सुचविला गेला होता. २००८ च्या रघुराम राजन समितीने तशी शिफारस केली होती. परंतु २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. अशा स्थितीत उलमांनी गरज म्हणून खाते उघडण्याची अनुमती दिली आहे.

मात्र गरजेच्या नियमाला जोडूनच दुसरा नियम येतो : गरजेने मिळालेली सवलत गरजेइतकीच असते. भुकेने मरणाऱ्याला निषिद्ध अन्नाचे चार घास माफ आहेत, त्याची मेजवानी माफ नाही. पैसा सुरक्षित ठेवणे आणि पाठविणे-स्वीकारणे ही आपली गरज आहे. ती चालू किंवा बचत खात्याने भागते. मुदत ठेवीने कोणती गरज भागते? तिचा हेतूच व्याज हा आहे. म्हणून ‘आमची मजबुरी आहे’ हे वाक्य मुदत ठेवीच्या पावतीपाशी थांबले पाहिजे.

एका हदीसमध्ये असा काळ येईल असे सांगितले आहे की, जो व्याज खाणार नाही त्यालाही त्याची धूळ लागेल. मुहद्दिसांनी तिच्या सनदेवर चर्चा केली आहे, पण तिचा आशय आपण रोज अनुभवतो. प्रश्न एवढाच की, रस्त्याने जाताना कपड्यांना धूळ लागणे आणि धुळीत मुद्दाम लोळणे यांत आपण भेद करतो की नाही. धुळीचे निमित्त करून वजू सोडून देणारा माणूस शहाणा म्हणता येणार नाही.

निवड करताना

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चालू खात्यावर व्याज दिले जात नाही. म्हणून दुकानदार, व्यावसायिक आणि ज्याला शक्य आहे अशा प्रत्येकाने चालू खाते निवडणे हा सर्वांत निर्मळ मार्ग. परंतु चालू खाते मुख्यतः व्यापारासाठी असते. त्यात किमान शिल्लक सामान्यतः अधिक ठेवावी लागते, आणि ती न राखल्यास दंड कापला जातो. मासिक पंधरा हजारांवर घर चालविणाऱ्या कामगाराला ते परवडत नाही. शरीअत त्याच्यावर त्याच्या शक्तीबाहेरचा भार टाकत नाही. त्याने किमान शिल्लकेची अट नसलेले मूलभूत बचत खाते किंवा २०१४ पासून सुरू झालेले जनधन खाते घ्यावे.

बचत खाते घेणाऱ्याच्या निय्यतीची मात्र एक सोपी कसोटी आहे. २०११ पासून बचत खात्यावरील व्याजदर ठरविण्याची मोकळीक बँकांना मिळाली, आणि तेव्हापासून अधिक दराची आमिषे दाखविली जातात. दोन बँकांपैकी एक निवडताना तुम्ही व्याजदर पाहिला असेल, तर ‘मला व्याज नकोच आहे’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही. कर्मांचे मूल्य निय्यतीवर ठरते, हे प्रेषितवचन (स.) आपण लहानपणापासून ऐकतो. बँक घराजवळ आहे का, सुरक्षित आहे का, शुल्क किती, अशिक्षित आईशी तेथील कर्मचारी नीट बोलतात का, हे जरूर पाहावे. व्याजदराचा स्तंभ मात्र वाचू नये.

सुरक्षिततेबाबतही डोळे उघडे हवेत. बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळाचे संरक्षण प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पर्यंत १ लाख होती. पतसंस्थांना हे संरक्षण नाही. २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. ‘हलाल नफ्या’ची पाटी लावून लोकांची आयुष्यभराची कमाई बुडविणारेही आपल्याच काळात होऊन गेले. दाढी-टोपी आणि अरबी नाव ही सुरक्षिततेची हमी नव्हे. अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी उंट बांधण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे.

आणि अर्ज वाचल्याशिवाय सही करू नका. कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) नमाज किंवा रोजाविषयी नाही. ती उधारीचा व्यवहार नीट लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही आपण बँकेच्या अर्जावर दाखवील तेथे सही करून मोकळे होतो. त्या अर्जातच जादा रक्कम आपोआप मुदत ठेवीत वळविण्याची सोय असते, ती नाकारा. ओव्हरड्राफ्टची सोय असते. शिल्लक नसताना काढलेल्या त्या रकमेवर व्याज तुम्हालाच द्यावे लागेल. विम्याचा हप्ता दरवर्षी खात्यातून कापण्याची संमती असते. ती देण्यापूर्वी जाणकार आलिमांना विचारा. ज्या चौकटीत तुम्ही खूण केली, तो तुमचा करार आहे, आणि करार पाळण्याबद्दल जाब विचारला जाणार आहे (१७:३४).

जमा झालेल्या व्याजाचे काय करावे?

बचत खात्यात व्याज जमा होतेच. काही जण ते खात्यात तसेच पडू देतात आणि आपण ते घेतले नाही असे समजतात. पण पडलेली रक्कम बँकेच्याच भांडवलात राहते, तीवर पुन्हा व्याज चढते, आणि उद्या ती वारसांच्या हाती मुद्दल म्हणूनच जाते. म्हणून आपल्या देशातील मुफ्तींचा सर्वसाधारण कल असा आहे की, ती काढून घ्यावी आणि पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजू गरिबांना देऊन टाकावी. हा सदका नव्हे. आपल्या मालकीचे नसलेले ओझे उतरविणे एवढेच त्याचे स्वरूप आहे. त्यातून जकात फिटत नाही, आणि ते मशिदीच्या बांधकामालाही देऊ नये.

‘बँक आमच्याकडून शुल्क कापते, ते व्याजातून वळते करून घेतले तर?’ असा युक्तिवाद ऐकू येतो. एटीएम, संदेशसेवा, धनादेशपुस्तिका या सेवा तुम्ही घेतल्या; त्यांचा मोबदला तुमच्या हलाल कमाईतून गेला पाहिजे. व्याजातून शुल्क भरणे म्हणजे व्याजाचा उपभोग घेणेच होय, फक्त तो उपभोग हाताने न घेता वजाबाकीने घेतलेला असतो.

यासाठी एक वही करा. पासबुकात व्याजाची नोंद दिसली की तारीख व रक्कम वहीत लिहा, तेवढी रक्कम बाहेर काढा, दिली की खूण करा. रक्कम ८३ रुपये असो की ८,३००, नियम एकच. जकातीचा हिशेब करताना खात्यातील मुद्दल धरा. ते तुमचे कर्जाऊ दिलेले धन आहे आणि निसाबइतके असल्यास त्यावर जकात आहे. व्याज त्या हिशेबात येत नाही, कारण ते संपूर्णच द्यायचे आहे.

खाते कोणाचे?

व्याजाविषयी दक्ष असणाऱ्या घरांतही एक दुसरा अन्याय निश्चिंतपणे चाललेला दिसतो, आणि त्याविषयी मशिदीत कोणी प्रश्न विचारीत नाही. पत्नीच्या नावे खाते आहे. पण एटीएम कार्ड पतीच्या पाकिटात आणि पिन पतीच्या डोक्यात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागले, तेव्हा घरातील स्त्रीचे स्वतंत्र खाते हा अनेक ठिकाणी निकडीचा विषय झाला. खाते निघाले. पैशाचा निर्णय मात्र कोण घेतो?

कुरआनने महर पत्नीच्या हाती खुशीने देण्याची आज्ञा केली आणि तिने स्वेच्छेने काही सोडले तरच ते पतीला घेता येईल असे ठरविले (४:४). पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा आहे, असेही सांगितले (४:३२). शरीअतने स्त्रीची मालमत्ता तिच्या स्वतंत्र मालकीची मानली आहे. घरखर्चाचा भार पतीवर आहे. मग तिच्या शिलाईचे, तिच्या नोकरीचे, तिच्या महरचे पैसे तिला न विचारता काढणारा पती व्याज खात नसेलही. पण तो दुसऱ्याचे धन अन्यायाने खातो आहे, आणि ते व्याजाइतक्याच स्पष्ट शब्दांत मना आहे (४:२९). तिची गप्प संमती ही खुशी नव्हे. संयुक्त खाते असेल तर कोणाची रक्कम किती, हे दोघांनी लिहून ठेवावे. यात अविश्वास नाही. ते २:२८२ चे पालन आहे.

नामनिर्देशित व्यक्ती मालक नाही

अर्जाच्या शेवटी एक रकाना असतो : खातेदाराच्या मृत्यूनंतर रक्कम कोणाला द्यावी. तो जरूर भरा, नाहीतर घरच्यांना कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. बहुतेक घरांत येथे थोरल्या मुलाचे नाव लागते. वडील गेल्यावर तो रक्कम काढतो आणि म्हणतो, ‘अब्बांनी माझे नाव लावले होते.’ बहिणी गप्प बसतात, आई गप्प बसते, आणि वारसा संपतो.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की, नामनिर्देशनाने रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो, मालकी मिळत नाही. रक्कम वारसांचीच राहते. देशाचा कायदा आणि शरीअत येथे एकच गोष्ट सांगतात. मुलगा तेथे अमानतदार आहे. त्याने प्रथम दफनविधीचा खर्च आणि मृताचे कर्ज फेडावे, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वैध वसीयत असल्यास ती पूर्ण करावी आणि उरलेले सूरह अन-निसामध्ये (४:११-१२) ठरविलेल्या हिश्शांनुसार वाटावे. आईचा हिस्सा आहे, पत्नीचा आहे, मुलीचा आहे. आणि हे हिस्से आपण ठरविलेले नाहीत, अल्लाहने ठरविले आहेत. हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) चार वर्षे पुकारा करीत राहिले, ते अनोळखी लोकांच्या हक्कांसाठी. आपल्याला तर फक्त सख्ख्या बहिणीच्या दारापर्यंत जायचे आहे.

जबाबदारी संपत नाही

आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. व्यवस्था आपण घडविली नाही, म्हणून तिच्यात राहण्याची सवलत आपल्याला मिळाली. पण सवलत व्यवस्थेपुरती आहे. तिच्या आत केलेल्या निवडी आपल्या आहेत. व्याजदर पाहायचा की नाही, मुदत ठेव करायची की नाही, जमा झालेले ८३ रुपये काढून द्यायचे की विसरायचे, पत्नीचे कार्ड तिच्या हाती द्यायचे की नाही, बहिणीला हिस्सा पोचवायचा की नाही, यांपैकी कोणतीही गोष्ट रिझर्व्ह बँकेने आपल्यावर लादलेली नाही. मजबुरीच्या मोठ्या छपराखाली आपण या लहान लहान निवडी लपवितो, आणि आपला हिशेब मात्र याच निवडींचा होणार आहे.

आज संध्याकाळी कपाटातील पासबुक बाहेर काढा. व्याजाच्या नोंदी मोजा, नामनिर्देशनाचे नाव पाहा, आणि घरातील स्त्रीला विचारा की तिच्या खात्याचा पिन तिला ठाऊक आहे का. माल कोठून मिळविला आणि कोठे खर्च केला, हे दोन्ही प्रश्न कयामतच्या दिवशी प्रत्येकाला विचारले जातील, असे प्रेषितांनी (स.) सांगून ठेवले आहे. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईवर समाधान, हरामपासून दूर राहण्याची शक्ती आणि हक्कदारांचे हक्क पोचविण्याची तौफीक देवो. आमीन.